सोसायटीतली नाताळची पार्टी (सोलापूर): काय करावं, काय टाळावं?

जुळेकरीण
आमची सोसायटी जुळे सोलापुरात, २२ घरांची. गणपती, कोजागरी आणि ३१ डिसेंबर हे ठरलेलं असतं. यंदा मुलांनी ख्रिसमस पार्टीचा हट्ट धरलाय. मीटिंगमध्ये "करूया की" असं मी एकटीच मोठ्यानं बोलले, त्यामुळे काम माझ्याच गळ्यात पडलं.

लहानमोठी मिळून ५० माणसं होतील. गच्ची आहे, पार्किंग आहे. घरटी ५०० म्हणजे ११ हजार जमतील. एका डेकोरेशनवाल्याला विचारलं, तर फुग्यांची कमान, बर्फाचा सेट, सांता आणि डीजे धरून त्यानं ३५ हजार सांगितले. बर्फ म्हणजे थर्माकोल, हे त्यानं शेवटी सांगितलं.

निम्म्या घरांना अंडं चालत नाही. मुलं ४ वर्षांपासून १५ पर्यंतची, म्हणजे धाकट्यांचा खेळ थोरल्यांना बोअर होणार. आणि सोसायटीत ख्रिस्ती घर एकच, तिसऱ्या मजल्यावरचे काका-काकू. त्यांना नुसतं आमंत्रण द्यायचं की आधी जाऊन बोलायचं? बहुमत २४ च्या रात्रीला आहे.

"मस्त करा, मजा येईल" सोडून काहीही सुचवा.

कडकभाकरी
मस्त करा, मजा येईल.

कडकभाकरी
बरं, आता खरं सांगतो. डीजे पहिला काटा. थर्माकोल दुसरा. उरलेल्या पैशात पन्नास माणसं पोटभर जेवतील आणि वर शेंगाचटणीची पुडी घरी नेतील. लोकांना कमान आठवत नाही बे, पंगत आठवते.

विजापूररोड
डीजेबद्दल अजून एक. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर लावता येत नाही, २००० सालचा ध्वनिप्रदूषण नियम. वर्षातल्या काही दिवसांना १२ पर्यंत सूट मिळते, पण ते दिवस कुठले ते आपल्या जिल्ह्यात जाहीर होतं. त्यात तुमची तारीख आहे का ते पोलीस चौकीत विचारून घ्या. गच्चीवरचा आवाज चार सोसायट्यांत जातो, आणि तक्रार कायम पाचवीतून येते.

चांदणी_रंगभवन
मी ख्रिस्ती, सोलापुरातच वाढले, माहेर-सासर दोन्ही इथलंच. त्यामुळे तिसऱ्या मजल्यावरच्या काका-काकूंच्या बाजूनं थोडं लिहिते.

२४ च्या रात्री आम्ही घरी नसतो. चर्चमध्ये उपासना असते, ती बरीच उशिरापर्यंत चालते. २५ ला सकाळी पुन्हा नवे कपडे घालून चर्च. दुपारी घरी जेवण, बहुतेक घरांत बिर्याणी, आणि मग येणारे-जाणारे सुरू. म्हणजे २४ ला पार्टी ठेवलीत, तर ज्यांचा सण आहे तेच घर सोसायटीत नसणार. काका-काकू भिडस्त असतील तर बोलणारही नाहीत, "तुम्ही करा, आम्ही जमलं तर येऊ" म्हणतील. याचा अर्थ येणार नाहीत.

आमच्याकडे नाताळ म्हणजे मुख्यतः फराळ, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. करंज्या, चकल्या, शंकरपाळ्या, शेव, कुणाकडे अनारसे. केक असतो, पण डबे भरतात ते फराळानं. लहानपणी आई शेजारच्या प्रत्येक घरी ताट पाठवायची आणि त्यांची दिवाळीतली ताटं आमच्याकडे आलेली असायची. नाताळच्या आधीच्या रात्रींना कॅरलवाले घरोघर फिरतात. गिटार असतेच, पण पेटी आणि ढोलकीही असते. मराठी चर्चमध्ये रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं आजही गातात, आणि ते गृहस्थ १९१९ साली वारले. म्हणजे आमचं गाणं अगदीच "जिंगल जिंगल" नाही.

सिद्धेश्वर_पेठ
२४ ला गुरुवार आहे हो, आणि मार्गशीर्षातला. आमच्या घरात सकाळी घट मांडणार, संध्याकाळी पुरणपोळीचा नैवेद्य. माझी बायको त्या दिवशी सांताकडे ढुंकून बघणार नाही. तुमच्या २२ घरांत अशी किती असतील ते मोजा. २४ ला ख्रिस्ती घर चर्चमध्ये आणि निम्म्या बायका देवघरात, म्हणजे पार्टीला डेकोरेशनवाला आणि तुम्ही.

जुळेकरीण
बाप रे, गुरुवार लक्षातच आला नव्हता. माझ्याच सासूबाई घट मांडतात. २४ रद्द. २५ की २६?

नितळ
मला एक कळत नाही. मुलांना केक, सांता आणि गिफ्ट हवंय. त्यात धर्म, उपासना, परवानगी कशाला आणायची? मॉलमध्ये झाड लावतात ते कुणाला विचारून? सोसायटीची पार्टी आहे, सगळ्यांना आमंत्रण द्यावं, ज्याला यायचंय तो येईल. एका घराच्या सोयीनं २१ घरांनी तारीख ठरवायची हे पटत नाही.

चांदणी_रंगभवन
@नितळ, परवानगी कुणीच मागितलेली नाही. सांता, झाड, टोप्या, खुशाल करा, आमची मुलंही तेच करतात. पण तुमच्या गल्लीत गणपती बसवायचा ठरला आणि तो अनंत चतुर्दशीनंतर बसवला, तर तुम्ही काही म्हणाल की नाही? विचारलं असतं तर बरं झालं असतं, एवढं तरी वाटेलच.

नितळ
उदाहरण फिट बसत नाही. पण बरं. तारखेपुरतं मान्य.

कडकभाकरी
"तारखेपुरतं मान्य" हे नितळ यांच्याकडून आलंय. स्क्रीनशॉट काढून ठेवा कुणीतरी.

डहाळा
मी गावाकडचा, मंगळवेढ्याच्या बाजूचा, म्हणून मला दुसरंच सुचतंय. २६ ला शनिवार आहे. डिसेंबर संपता संपता हुरडा सुरू होतो, पेरणी लवकरची असेल तर नक्कीच. शहरातली माणसं हजार रुपये भरून हुरडा पार्टीला जातात. तुमच्या २२ घरांत कुणाचं तरी शेत असणारच. सगळे तिकडंच जा.

सकाळी ९ ला पोचायचं. आगटी आधी पेटवून ठेवायला सांगा, गोवऱ्यांची, निखारा झाला पाहिजे, जाळ नको. कणसं निखाऱ्यात भाजायची, गरम असतानाच हातावर चोळायची, फुंकून भूस उडवायचं. बाजूला शेंगाचटणी, दही, गूळ, तिळाची चटणी. हरभऱ्याचा डहाळा, बोरं, ऊस. मोठ्या पोरांना कणसं चोळायला बसवा, तळहात पोळतात पण कुणी उठत नाही. अंडं-बिनअंडं हा वादच नाही. संध्याकाळी झाडाला चांदण्या लावा आणि केक कापा. थर्माकोलच्या बर्फापेक्षा खरी थंडी शेतातच हाय.

ओव्हनवाली_काकू
डहाळा, तोंडाला पाणी सुटलं. पण ही हुरडा पार्टी झाली, नाताळ कुठाय यात? एक चांदणी लावली की नाताळ?

डहाळा
काकू, येशूचा जन्म गोठ्यात झाला की हो, बँक्वेट हॉलमध्ये नाही. शेतातला गोठा आयता मिळतोय.

चांदणी_रंगभवन
डहाळादादा, हे आमच्या पाळकांना सांगणार आहे. पुढच्या वर्षी संदेशात येईल.

जुना_वाचक
गोठ्यावरून आठवलं. गव्हाणीचा देखावा जिवंत जनावरं ठेवून करायची पद्धत संत फ्रान्सिस ऑफ असिसी यांच्या नावावर सांगतात. इटलीतल्या ग्रेचो गावी १२२३ साली त्यांनी गवत टाकून, खरा बैल आणि गाढव आणून उपासना केली. ख्रिसमस ट्री घराघरांत पोचायला त्यानंतर सहाशे वर्षं लागली. १८४८ साली लंडनच्या एका साप्ताहिकात राणी व्हिक्टोरिया, प्रिन्स अल्बर्ट आणि मुलं झाडाभोवती उभी असल्याचं चित्र छापून आलं, आणि तिथून इंग्लंडात फॅशन पसरली. तेव्हा झाड की गोठा असा प्रश्न आला तर गोठा वडीलधारा आहे.

मुलांकडून देखावा करून घ्या. बाजारातून प्लास्टिकचा आणू नका.

विजापूररोड
खरा बैल पार्किंगमध्ये आणायचा तर चेअरमनची एनओसी लागेल. आमच्याकडे मांजराला लागते.

कामट्या_पतंगी_कागद
जुना_वाचक यांना अनुमोदन. मुलांना कामाला लावणं हाच उपाय आहे, आणि वयाचा प्रश्नही त्यातच सुटतो. मी चित्रकला शिकवतो, दरवर्षी आकाशकंदील करून घेतो, चांदणीही तशीच होते.

बांबूच्या १० कामट्या, सारख्या लांबीच्या, दीड-दोन फूट. पाच कामट्यांचा एक तारा, असे दोन तारे. दोन्ही एकमेकांवर ठेवून पाचही टोकं दोऱ्यानं बांधा. मग आतल्या बाजूला जिथे कामट्या एकमेकींना छेदतात त्या पाच ठिकाणी बोटभर लांबीचे तुकडे उभे अडकवा, म्हणजे पोट फुगतं आणि आत दिव्याला जागा होते. वरून पतंगी कागद, खळ घरची. आत फक्त एलईडी लावा, साधा बल्ब तापतो. कामट्या तासायचं काम १२ वर्षांपुढच्यांना, कागद चिकटवायचं मधल्यांना, आणि सगळ्यात धाकट्यांना खळ ढवळायला द्या. ती ते तासभर करतात.

गव्हाणीला छप्पर कडब्याचं करा. बाहेरगावचे लोक गवत विकत आणतात, आपल्या जिल्ह्यात ज्वारीला काय कमी आहे? पुढ्यात हिरवळ हवी असेल तर पत्रावळीत माती घालून आठ-दहा दिवस आधी गहू पेरा. नवरात्रातल्या घटाला जसं उगवतं तसंच. हे काम पोरींनी-पोरांनी घरी न्यावं, रोज पाणी घालावं.

जुळेकरीण
हे फार आवडलं. गहू पेरायचं काम चौथीच्या खालच्यांना देते. थोरल्यांचं काय? १४-१५ वाल्यांना चिकटवाचिकटवी "बालिश" वाटते.

कामट्या_पतंगी_कागद
त्यांना दिवे आणि वायरिंग द्या. आणि गाणी निवडायचा अधिकार द्या, पण १० च्या आतला.

चादरवाला
अक्कलकोट रोडला आमचे लूम होते, आता फक्त विक्री करतो. सीक्रेट सांता ठेवा. चिठ्ठ्या टाकायच्या, ज्याचं नाव येईल त्याला भेट द्यायची, नाव शेवटी फोडायचं. घरटी एकच चिठ्ठी, नाहीतर ५० भेटींचा हिशेब कोण ठेवणार? मर्यादा १५० रुपये. अट एकच: वस्तू सोलापुरात बनलेली पाहिजे. आपल्या चादरीला आणि टेरी टॉवेलला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालेलं आहे, अख्ख्या महाराष्ट्रात नाव आहे, आणि आपणच वाढदिवसाला प्लास्टिकचे मग देतो.

ओव्हनवाली_काकू
अट छान आहे, पण परिणाम काय होईल माहितीय? २२ पैकी १८ घरांतून नॅपकिन येतील.

चादरवाला
काकू, म्हणून तर मी सुचवलं. 😄

कडकभाकरी
धागा जाहिरात विभागात हलवा.

चादरवाला
बरं, गमतीचं सोडा. नॅपकिन टाळायचे तर चिठ्ठीवर नावासोबत वस्तूचा प्रकार लिहा: खाऊ, कापड, हातानं केलेलं, रोप. ज्याला जे येईल ते.

ओव्हनवाली_काकू
आता केकचं. बिनअंड्याचा प्लम केक उत्तम होतो, बेकरीतून आणायची गरज नाही. आमच्या क्लासमध्ये शिकवते तो देते. आठ इंची गोल भांड्याचं माप आहे, असे दोन केले की ५० जणांना बोटभर तुकडे होतात.

३०० ग्रॅम सुका मेवा बारीक चिरून: काळ्या मनुका, बेदाणे, बिनबियांचा खजूर, थोडी टुटीफ्रुटी, संत्र्याची साल किसून. संत्र्याच्या रसात बुडवून फ्रिजमध्ये एक रात्र. महिनाभर आधी भिजवायचा सल्ला वाचाल, पण तो रममध्ये भिजवतात त्यांच्यासाठी. रसात महिनाभर ठेवलंत तर आंबेल.

१०० ग्रॅम साखर कोरडी जाड बुडाच्या पातेल्यात वितळवा. गडद तपकिरी झाली की गॅस बंद करून अर्धी वाटी गरम पाणी घाला. उडतं, चेहरा लांब ठेवा, मुलांना स्वयंपाकघराबाहेर काढा. केकचा रंग यातून येतो, कोको घालून फसवू नका.

२५० ग्रॅम मैदा, दीड चमचा बेकिंग पावडर, पाऊण चमचा सोडा, दालचिनी, जायफळ, किंचित सुंठ. चमचा म्हणजे चहाचा. दुसऱ्या भांड्यात ४०० ग्रॅमचा कंडेन्स्ड मिल्कचा डबा, १२५ ग्रॅम लोणी, साखरेचा पाक गार झाल्यावर. सगळं एकत्र करून लागेल तसं दूध. मेवा निथळून चमचाभर मैद्यात घोळवून शेवटी, नाहीतर तळाशी बसतो. १६० अंशावर तास-सव्वातास. मध्ये सुरी घालून बघा. दोन दिवस आधी करून गुंडाळून ठेवला तर जास्त चांगला लागतो, आणि ऐन दिवशी तुमची धावपळ वाचते.

सिद्धेश्वर_पेठ
काकू, कुकरमध्ये जमेल का? ओव्हन नाही आमच्याकडे.

ओव्हनवाली_काकू
जमेल. शिट्टी आणि रिंग काढायची, खाली मीठ पसरून जाळी, १० मिनिटं तापवून मग भांडं आत, मंद आच. वेळ ओव्हनपेक्षा जास्तच लागतो. आठ इंची भांडं कुकरमध्ये बसत नाही, सहा इंचीत अर्ध्या मापाचा करा.

मायबाप_पुणे
मूळचा सोलापूरकर, आता पुण्यात. एक वेगळा सल्ला: सांता जपून. आमच्या इथल्या सोसायटीत भाड्याचा सांता आणला होता. चेहऱ्यावर प्लास्टिकचा मुखवटा, आवाज घोगरा. तीन वर्षांखालची सगळी पोरं एकदम रडायला लागली आणि पुढचा अर्धा तास कुणी थांबेना. ओळखीचा माणूस करा, दाढी कापसाची लावा, मुखवटा नको. आणि सोलापूरच्या दुपारी तो लाल मखमली डगला घालायला लावू नका, डिसेंबरातही ३० अंश असतं. सूर्य मावळल्यावर आणा.

बाकी धागा वाचून घरची आठवण आली. आता डिसेंबरात सिद्धेश्वर यात्रेच्या नंदीध्वजांचा सराव सुरू असेल ना?

सिद्धेश्वर_पेठ
सुरू आहे की. संध्याकाळी पोरं खांद्यावर घेऊन फिरतात. मग संक्रांत, अक्षता सोहळा, होम मैदानावर गड्ड्याची जत्रा. आकाशपाळणे कधी येतात तेवढंच आमच्या पोराला विचारायचं असतं. ये जानेवारीत.

मायबाप_पुणे
रजा मिळाली तर. गड्ड्यातली भजी अजून तशीच का?

कडकभाकरी
तेल पण तेच.

विजापूररोड
मंडळी, धागा गड्ड्यात गेला. जुळेकरीण ताईंच्या पार्टीचं काय ठरलं?

जुळेकरीण
काल संध्याकाळी तिसऱ्या मजल्यावर जाऊन आले. काकूंनी आधी चहा ठेवला, मग विषय काढू दिला. चांदणी म्हणाली तसंच निघालं, २४ ला ते उपासनेला, २५ ला दुपारी त्यांची मुलगी-जावई येणार. पण २५ ला संध्याकाळी ७ नंतर मोकळे आहेत.

काका संडे स्कूलमध्ये पेटी वाजवायचे हे मला सहा वर्षं शेजारी राहून माहीत नव्हतं. ते म्हणाले मुलांकडून दोन मराठी कॅरल बसवून घेतो, आठ दिवस रोज अर्धा तास द्या. काकूंनी एकच अट घातली: गव्हाणीचा देखावा केलात तर तो सेल्फी पॉइंट करू नका, मुलांना आत बसवून फोटो नको. एवढी अट रास्त वाटली.

तर असं ठरतंय: २५ ला संध्याकाळी ७ ते १०, पार्किंगमध्ये. फराळ काकूंच्या देखरेखीखाली तीन घरांत होणार, करंज्यांना मी. केक दोन, बिनअंड्याचे. चांदण्या आणि गव्हाणी मुलांची. सीक्रेट सांता चार प्रकारांत. सांता म्हणून आमचे चेअरमन, त्यांचं पोट आयतं आहे (ते इथे वाचत नाहीत). डेकोरेशनवाल्याला नको म्हणून कळवलं, तो म्हणाला २८ हजारांत करतो, मग २२. हुरडा २६ ला, ज्यांना यायचंय त्यांनी, वेगळी वर्गणी.

जेवणाचं मात्र अडलंय. काकूंना घरची बिर्याणी करून आणायची होती, पण निम्मी घरं शाकाहारी आहेत आणि एका टेबलावर चालणार नाही असं दोघांनी स्पष्ट सांगितलं. काकू "राहू दे मग" म्हणाल्या. ते मला बरं वाटलं नाही.

नितळ
दोन टेबलं. पार्किंगची दोन टोकं. वाढपी वेगळे, डाव वेगळे. आमच्या ऑफिसात असंच करतात आणि कुणाचंही अडत नाही. ज्यांचा सण आहे त्यांनी आपला पदार्थ आणायचा नाही हे बरोबर नाही.

चांदणी_रंगभवन
@नितळ, ❤️

सिद्धेश्वर_पेठ
मी स्वतः खात नाही, तरी माझंही मत दोन टेबलं. शाकाहारी टेबल आधी मांडा आणि हवेच्या वरच्या बाजूला, म्हणजे वासावरून भांडण नको. त्या टेबलावर मसालेभात आणि मिरची भजी ठेवा, गर्दी तिकडंच होईल.

जुळेकरीण
दोन टेबलं मांडते. कमिटीत मत घ्यावं लागेल, पण काकूंना आजच सांगते की बिर्याणीची तयारी करा. मीटिंग नंतर बघू.

आता फक्त एक: कडबा कुठे मिळेल? पेंढी-दोन पेंढ्या पुरेत, आणि रिक्षातून आणता आला पाहिजे.

डहाळा
विकत कशाला घेताय? माझा भाऊ बुधवारी टेम्पो घेऊन मार्केट यार्डला यायलाय. चार पेंढ्या टाकायला सांगतो. मेसेज करा, वेळ कळवतो. सकाळी सहाला यावं लागेल बघा.

जुळेकरीण
सहाला? चेअरमनला पाठवते.